चिखल्या कोणाकडून येतात?

लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक पडतात, कातडी सोलवटते, भेगांतून रक्त येतं आणि रात्री झोपेतही पायाची आग होते. कोकणातल्या भातशेतीत वाढलेल्या माणसाला चिखल्या म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शहरात हेच दुखणं बुटांतून येतं. पावसात भिजलेले बूट घालून बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, बंदोबस्तावरचा पोलिस, गमबूट घालून नाल्यात उतरणारा सफाई कामगार, एका न्हाणीघरात पंचवीस जण असलेल्या हॉस्टेलमधला विद्यार्थी या सगळ्यांना ते ठाऊक आहे. जगभर याला ‘अ‍ॅथलिट्स फूट’ म्हणतात, पण आपल्याकडे ते खेळाडूंपेक्षा चिखलात उभं राहणाऱ्यांचं आणि बूट काढायची मुभा नसलेल्यांचं दुखणं आहे.

संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका घरात दीर आणि भावजय यांच्यात यावरून दर पावसाळ्यात वाद होतो. भावजय ठाण्यात त्वचारोगांची डॉक्टर आहे. दीर गावी राहून शेती करतो, स्वतः चिखलणीला उतरतो, लावणीला मजूर बायका बोलावतो. यंदा लावणी अर्ध्यावर असताना मी त्यांच्या ओटीवर होतो आणि वाद पहिल्यापासून ऐकायला मिळाला. मला तो मांडावासा वाटतो, कारण दोघांपैकी कोणीही चुकीचं बोलत नव्हतं आणि तरीही दोघांचं जमत नव्हतं.

भावोजी: वहिनी, तुम्ही दरवर्षी माझे पाय बघता आणि दरवर्षी मी तेच सांगतो. दिवसभर पाय पाण्यात, तर कातडी कुजणारच. पाऊस ओसरला की पाय बरा होतो. गणपतीपर्यंत खूणही राहत नाही. त्याला रोग कशाला म्हणायचं?

वहिनी: तुमचा बरा होतो, मान्य. पण जाऊबाईंच्या पायाची नखं बघा. दोन नखं पिवळी, जाड आणि कडेनं भुसभुशीत झाली आहेत. धाकट्याच्या जांघेत गजकर्ण आहे आणि तो तर शेतात उतरतही नाही. मग त्याच्याकडे पाणी कुठून आलं, भावोजी?

भावोजी: पोरं दिवसभर जीनची पँट घालून बसतात. घामानं होतं.

वहिनी: घामानं जागा तयार होते. बुरशी घामातून जन्मत नाही, ती कोणाकडून तरी यावी लागते. या घरात न्हाणीघराच्या दाराशी एकच पायपुसणं आहे आणि दोरीवर दोन पंचे आहेत, तेही पावसात कधी पुरते वाळत नाहीत. ज्या पंच्यानं पाय पुसायचे त्यानंच अंग पुसायचं. पायाची बुरशी जांघेत जाते ती बहुतेकदा अशीच, नाहीतर पायातून चढणाऱ्या चड्डीबरोबर. म्हणून मी रुग्णांना सांगते, पाय नासलेला असेल तर आधी मोजे घाला, मग आतले कपडे.

भावोजी: एवढीशी बुरशी कापडात जिवंत राहते?

वहिनी: तिचं खाणं काय ते बघा, मग कळेल. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर, नखं आणि केस ज्या प्रथिनाचे असतात त्याला केराटिन म्हणतात. ही बुरशी ते पचवते. जिवंत मांसात ती सहसा उतरत नाही, म्हणून ताप येत नाही, माणूस अंथरूण धरत नाही. तो कामावर जात राहतो आणि जाईल तिथे पायाचे पापुद्रे सांडत राहतो. त्या पापुद्र्यांत बुरशीचे जाड कवचाचे कण असतात. ओलसर, सावलीच्या जागी ते महिनोन्महिने टिकतात. मोरीची फरशी, चपलेचा आतला भाग, बुटाचा पुढचा कोपरा, गादीची चादर, सगळीकडे ते सापडतात. दुसऱ्याचा ओला पाय त्यावर पडला की पापुद्रा चिकटतो. सगळ्यात आधी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी धरली जाते, कारण तिथे बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात आणि वारा लागत नाही.

भावोजी: आता माझं ऐका. आमच्याकडे एका खाचरात आठ-दहा बायका एका ओळीत आवण लावतात. चिखल एकच, पाणी एकच. चौघींना चिखल्या होतात, बाकीच्यांना होत नाहीत. माझ्या बापाला जन्मात झाल्या नाहीत. पापुद्र्यांनीच पसरत असतं तर सगळ्यांना व्हायला नको?

हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. याच प्रश्नावर त्वचाविज्ञानात एक पिढी भांडलेली आहे, आणि वहिनींनी तो झटकून टाकला नाही, हे मला फार आवडलं.

वहिनी: हा प्रश्न आमच्या लोकांनीही विचारला होता. १९५७ साली ब्रिटनमध्ये जेन्टल्स नावाच्या संशोधकानं सार्वजनिक न्हाणीघरांच्या फरशीवरून ही बुरशी मिळवून दाखवली. कोळशाच्या खाणीतले कामगार पाळी संपली की एकत्र आंघोळ करायचे. त्यांच्या पायांचा अभ्यासही त्यानं त्याच सुमारास केला. फरशीवर बुरशी आहे, कामगारांच्या पायांवर तीच आहे, एवढं सिद्ध झालं. पण अमेरिकेत सुल्झबर्गर आणि बेअर हे डॉक्टर उलट म्हणत होते. बेअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांचे पाय जिवंत बुरशी मिसळलेल्या पाण्यात बुडवून ठेवले आणि वाट पाहिली. आजार जवळपास कोणालाच झाला नाही. त्यांचं म्हणणं असं, की बुरशी सगळीकडे आहे, नुसती भेट झाल्यानं काही होत नाही, पाय कसा आहे त्यावर सगळं ठरतं.

भावोजी: म्हणजे ते माझ्याच बाजूचे.

वहिनी: अर्धे तुमच्या. ते पाय धड होते, कोरडे होते, आणि बुडवल्यावर परत कोरडे झाले. पुढे सत्तरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या लायडन आणि क्लिगमन यांनी बेचकीतलाच हिशेब उलगडला. नुसती बुरशी असलेली बेचकी कोरडी असते, थोडे पापुद्रे सुटतात, थोडी खाज येते, माणसाच्या लक्षातही येत नाही. तीच बेचकी बांधून ओली ठेवली, की कातडीवरचे जिवाणू झपाट्यानं वाढतात. मग ती पांढरी पडते, फाटते, वास येतो, आग होते. तुमच्या चिखल्या म्हणजे हा दुसरा टप्पा. कोणाच्या पायात बुरशी आधीपासून गुपचूप बसलेली असते, त्याला लावणीचं पाणी लागलं की बेचकी नासते. कोणाच्या पायात ती नसते, त्याची कातडी पाण्यानं सुरकुतते आणि रात्रीत सुधारते. आणि काहींना बुरशीशिवाय, नुसत्या पाण्यानं, चिखलातल्या खड्यांच्या घासणीनं आणि जिवाणूंनीसुद्धा होतं. तुमच्या वडिलांना का झालं नाही याचं उत्तर यात आहे.

भावोजी: मग पाणी हेच कारण धरा ना.

वहिनी: पाणी टळत नाही, म्हणून तुम्ही त्यालाच कारण धरता. बाकीचं टळतं, आणि टाळायचं राहून जातं.

इथे भावोजी थोडे गप्प झाले. पुढे जे बोलले ते मला या सगळ्या वादात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

भावोजी: वहिनी, तुम्ही डॉक्टर लोक ‘पाय कोरडे ठेवा’ म्हणता तेव्हा कोणाशी बोलता? रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की लावलं पाहिजे. पाऊस आहे तोवर खाचरात पाणी आहे. मजुरीला येणारी बाई आज माझ्याकडे, उद्या शेजाऱ्याकडे, परवा वरच्या वाडीत. सकाळी उतरते ती संध्याकाळी निघते. दुपारची भाकरी बांधावर बसून खाते, तेव्हाही पाय ओल्यातच. तिनं पाय कोरडा करायचा कधी? गमबूट घाला म्हणाल. खाचरात गमबूट घालून एकदा चालून दाखवा. चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय वर येतो. आणि त्यात पाणी शिरलं की ते दिवसभर आतच राहतं.

वहिनी: गमबूट मी तुम्हाला सांगणारच नाही. नाल्यात उतरणाऱ्याला तो हवा, कारण तिथे काच असते, सुई असते, घाण असते, आणि भेगाळलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शिरतो. पण त्यालाही मी सांगते की बुटाच्या आत घामानं तेच तळं होतं. दर दोन-तीन तासांनी बूट काढून पाय पुसले नाहीत, मोजे बदलले नाहीत, तर गमबूट घालणाऱ्यालाही चिखल्या होतात. खाचरात उतरणाऱ्याला मी वेळ मागते. तुम्हाला एक उदाहरण सांगते, तेही भातखाचरातलंच. व्हिएतनामच्या युद्धात मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात अमेरिकेच्या नवव्या इन्फंट्री डिव्हिजनचे सैनिक दिवस-दिवस भातशेतातून चालायचे. त्यांचे पाय इतके नासायला लागले की तुकड्यांतली माणसं लढाईपेक्षा पायांमुळे बाद व्हायला लागली. डॉक्टरांनी अभ्यास केला आणि शेवटी सेनाधिकाऱ्यांनी नियम घातला, पाण्यातली मोहीम साधारण अठ्ठेचाळीस तासांची, मग पाय सुकवायला सुट्टी. नवं औषध त्यात काही नव्हतं, फक्त पाय सुकायला वेळ दिला.

भावोजी: सैन्याला वेळ द्यायला सेनापती होता. आमच्या बाईला कोण देणार?

वहिनी: तुम्ही. मजूर तुमच्याकडे येतात.

हे वाक्य वहिनींनी आवाज न चढवता म्हटलं. मला वाटतं, चिखल्यांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी ते टाळू नये. पायाची काळजी ही ज्याचा पाय त्याची जबाबदारी असं आपण धरून चालतो, पण पाय किती वेळ ओला राहणार हे बहुतेक वेळा दुसराच कोणी ठरवतो. लावणीच्या बाईच्या बाबतीत तो शेतमालक असतो, सुरक्षारक्षकाच्या बाबतीत एजन्सी, सफाई कामगाराच्या बाबतीत कंत्राटदार. बारा तासांच्या पाळीसाठी एकच बूटजोड देणारा मालक त्या माणसाला भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी तसाच घालायला लावतो. ओला झालेला बूट पावसाळी हवेत एका रात्रीत वाळत नाही.

भावोजींनी विचारलं, मालकानं नेमकं काय करायचं. वहिनींची मागणी छोटी होती. दुपारच्या जेवणाला बायकांनी बांधावर न बसता पडवीत यावं, तिथे स्वच्छ पाण्याची बादली आणि कोरडे फडके असावेत, प्रत्येकीला वेगळं. पाय धुऊन, बेचक्या पुसून अर्धा-पाऊण तास कोरड्यात बसायला मिळावं. ज्यांच्या बेचक्या फाटल्या आहेत त्यांना एक-दोन दिवस रोप उपटण्याऐवजी बांधावरचं, पेंढ्या वाहण्याचं काम द्यावं. आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाय उघडा, कोरडा राहावा. दिवस पाण्याचा असला तरी रात्र पूर्ण आपली असते, आणि त्या आठ-दहा तासांत कातडी बरीच सावरते.

भावोजी: रात्री तर आम्ही तेल लावतो. आई लावायची, कोकमाचं तेल गरम करून बेचक्यांत भरायची.

वहिनी: आईंचं तेल बरोबर होतं, वेळ बदला. सकाळी खाचरात उतरण्याआधी कोरड्या पायाला खोबरेल, कोकमाचं तेल किंवा व्हॅसलीन चोळा, बेचक्यांतही लावा. पाणी कातडीत कमी मुरतं. रात्री मात्र ओल्या, नासलेल्या बेचकीत तेल भरलं तर आतली ओल आतच राहते. रात्री धुवा, पुसा, वारा लागू द्या. फार स्राव असेल तर पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार खडे पाण्यात विरघळवून, पाणी फिकट गुलाबी होईल इतपतच, त्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा आणि मग सुकवा. जांभळं पाणी करू नका, कातडी भाजते.

भावोजी: आणि मेंदी?

वहिनी: झाडाच्या पाल्याची वाटलेली मेंदी कातडी सुकवते, आणि प्रयोगशाळेत तिच्यातल्या रंगद्रव्यानं बुरशीची वाढ रोखलेली दिसते. भेग उघडी नसेल तर लावा, माझी हरकत नाही. पण केस रंगवायची पुड्यातली काळी मेंदी पायाला लावू नका. तिच्यातल्या रसायनानं पाय सुजून फोड आलेले रुग्ण मी पाहते. रॉकेल, चुना, बॅटरीतलं पाणी, हे तर नावसुद्धा काढू नका.

भावोजींचा मोठा मुलगा मुंबईत सुरक्षारक्षकाचं काम करतो. त्याचा विषय निघाला तेव्हा भावोजींनी दुसरा मुद्दा पुढे केला.

भावोजी: वहिनी, तुम्ही काही म्हणा, हा बूटवाल्यांचा रोग आहे. अनवाणी फिरणाऱ्या आमच्या आज्यांना नखांचं असलं दुखणं नव्हतं. पोरगं मुंबईला गेलं, बूट आले, सुट्टीत घरी आलं तेव्हा रोग घेऊन आलं.

वहिनी: यात पुष्कळ तथ्य आहे. पायावर आज सगळ्यात जास्त सापडणारी बुरशी ट्रायकोफायटन रुब्रम. तिचं वर्णन इटालियन डॉक्टर अल्दो कास्तेलानी यानं १९१० मध्ये केलं, आणि तो तेव्हा कोलंबोत काम करत होता. उष्ण देशांतल्या अनवाणी माणसांत ती अंगावर नायट्यासारखी दिसायची, पायाला फारसा त्रास द्यायची नाही. वसाहतींत आलेल्या बूटवाल्या सैनिकांच्या पायांत तिला हवी तशी जागा मिळाली. दोन महायुद्धांत बराकी, सामायिक न्हाणीघरं आणि दिवसभर न निघणारे बूट यांतून ती जगभर पसरली. तेव्हा बुटात ती फोफावली, हे खरं. पण मुलाला बूट काढून कामावर जा म्हणता येईल का? त्याला दोन जोड लागतील, आलटून पालटून घालायला. मोजे सुती, रोज बदललेले, आणि गरम पाण्यात धुतलेले. साठ अंशांपर्यंत तापलेल्या पाण्यात ही बुरशी मरते, कोमट पाण्यात मरत नाही. ऊन मिळालं तर उलटे करून कडक उन्हात टाकायचे. खोलीवर आठ जण राहतात, तर न्हाणीघरात स्वतःची रबरी चप्पल घालूनच जायचं. दुसऱ्याची चप्पल पायात सरकवून बाहेर जायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती सोडायची.

भावोजी: तो ट्यूब लावतो. मेडिकलवाल्यानं दिलेली. दोन दिवसांत खाज जाते म्हणतो.

वहिनींचा चेहरा इथे बदलला. संध्याकाळभर पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात राग होता, आणि तो मुलावर नव्हता.

वहिनी: ती ट्यूब आणून दाखवायला सांगा. मागे क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल. सोबत एक जिवाणूंचं औषध, एक बुरशीचं. क्लोबेटासोल हे फार तीव्र स्टिरॉइड आहे. ते कातडीची प्रतिकाराची ताकद दाबतं, म्हणून लाली जाते, खाज जाते, आणि माणसाला वाटतं बरं झालं. बुरशीला मात्र अडवणारं कोणी उरत नाही. ट्यूब बंद केली की ती दुप्पट जागेत परत येते, मग पुन्हा ट्यूब. जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर ताणाच्या पांढऱ्या रेघा पडतात, त्या जन्मभर जात नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर चिवट गजकर्णाची जी लाट आली आहे तिच्यात या ट्यूबचा मोठा हात आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवरून ती अजून मिळतात. आणि आता बुरशीची एक जात अशी पसरली आहे की तिच्यावर टर्बिनाफिन हे आमचं हातातलं चांगलं औषध अनेकदा चालत नाही. तिला नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी असं मिळालं, आपल्या देशावरून. तिचा जोर पायापेक्षा जांघ, कंबर, चेहरा इथे अधिक आहे, पण एकाच पंच्यानं पुसणाऱ्या घरात ती कोणालाच सोडत नाही.

भावोजी: पण वहिनी, गावातल्या माणसानं करायचं काय? त्वचेचा डॉक्टर रत्नागिरीला नाहीतर चिपळूणला. जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं, तपासणीची फी. मेडिकलवाला कोपऱ्यावर आहे आणि तो काही विचारत नाही.

वहिनी: म्हणून त्याच्याकडे काय मागायचं ते माणसाला ठाऊक हवं. बेचकीतल्या साध्या बुरशीला नुसतं क्लोट्रिमाझोल किंवा नुसतं टर्बिनाफिनचं मलम पुरतं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. पायाच्या बाबतीत हे पुष्कळदा काम करतं. व्हिटफिल्डचं मलम, बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं, शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, स्वस्त आहे, आणि कोरड्या पापुद्र्यांवर आजही चालतं, फक्त उघड्या भेगेवर झोंबतं. मलम नासलेल्या भागाच्या कडेबाहेर बोटभर जागेपर्यंत लावायचं, आणि पाय बरा दिसल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेक माणसं तिथेच चुकतात. खाज गेली की ट्यूब कपाटात, आणि पुढच्या पावसाला तीच बुरशी. नखात शिरली असेल तर मलमानं भागत नाही, पोटातून औषध लागतं आणि महिने लागतात. जाऊबाईंच्या नखांचं मी तेच करणार आहे, आधी नखाची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. त्या नखांत साठा असेपर्यंत या घरातल्या इतरांचे उपचार पुन्हा पुन्हा करावे लागतील.

भावोजी: म्हणजे सगळ्या घरालाच औषध?

वहिनी: ज्यांना आहे त्या सगळ्यांना, एकाच वेळी. आणि घरात प्रत्येकाचा पंचा वेगळा, पायाला वेगळं फडकं. एवढ्याला पैसे लागत नाहीत, जुनं धोतर फाडलं तरी चालतं.

भावोजींनी लगेच होकार दिला असं नाही. त्यांचा आक्षेप शेवटपर्यंत राहिला, की चिखल्यांना घरातल्या कोणाचा तरी रोग म्हटलं की गावात बोट बायकांकडे जातं. सुनेनं आणलं, माहेरून आणलं, स्वच्छ राहत नाही. ही भीती खरी आहे. नखं खराब झालेली बाई ती लपवते, कारण तिला माहीत असतं की पुढे काय ऐकावं लागेल. वहिनी यावर म्हणाल्या की बुरशी घरात कोणी आणली हे विचारण्यात काडीचा उपयोग नाही, ते कळतही नाही, आणि उपचार सगळ्यांवर करायचे तर विचारायचं कशाला. मला हे पटलं. या आजाराचा स्वच्छतेशी फारसा संबंधही नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करून बेचक्या न पुसता बुटात पाय घालणाऱ्याला तो होतो, आणि चिखलातून येऊन पाय पुसून पडवीत बसणाऱ्याला होत नाही.

माझ्यापुरता निवाडा असा. पसरण्याबद्दल वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. पापुद्रे, पंचा, पायपुसणं, चप्पल आणि बूट यांतून हे दुखणं माणसाकडून माणसाकडे जातं, आणि मिश्र ट्यूबनं ते वाढतं. पण ज्याला स्वतःचा पाय कोरडा करायची सवड नाही त्याला नुसता सल्ला देऊन काही होत नाही, हे भावोजींचं म्हणणं त्याहून जड आहे, आणि आपल्या आरोग्यपत्रकांत ते कुठेच सापडत नाही.

एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं आणि ती वाचकांपर्यंत पोहोचवायची मला त्यांनी गळ घातली. बेचकीतली भेग मधुमेह असलेल्या माणसाच्या पायात असेल, किंवा हत्तीरोगानं सुजलेल्या पायात असेल, तर तिला चिखल्या म्हणून सोडून देऊ नका. विदर्भात हत्तीरोगाचे रुग्ण अजून आहेत. त्या पायाला वारंवार जो ताप येतो, लाली येते, सूज वाढते, त्याची सुरुवात पुष्कळदा बोटांच्या बेचकीतून शिरलेल्या जिवाणूंनी होते. त्यांच्यासाठी रोज साबणपाण्यानं पाय धुणं आणि बेचक्या कोरड्या करणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे. पाय लाल, गरम झाला, लाली वर चढायला लागली, जांघेत गाठ आली किंवा थंडी वाजून ताप भरला, तर मलमाची वाट पाहू नका, त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि तुमच्याकडे कोणी पाण्यात उभं राहून काम करत असेल, तर दुपारी त्याला बादलीभर स्वच्छ पाणी, एक कोरडं फडकं आणि बसायला कोरडी जागा द्या.